आकडा शेवटी वाच

मुलाचा अहवाल हातात आला की त्यातला आकडा शेवटी वाच. आधी चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते बघ, मग तारीख बघ, मग चाचणी घेणाऱ्याने खाली लिहिलेली निरीक्षणं वाच, आणि त्यानंतर बुद्ध्यंक. विशेष शिक्षिका म्हणून तुझी नेमणूक इंदूरच्या शाळेत झाली आहे, म्हणून भाषेचं सगळ्यात आधी सांगते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतून येणारी कितीतरी मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि वर्गात इंग्रजी ऐकतात. चाचणी घेणारे बहुतेक वेळा हिंदीत किंवा इंग्रजीत विचारतात. सात वर्षांचं मूल गप्प बसलं की शब्दसंग्रहाच्या रकान्यात शून्य पडतं. ते शून्य मुलाचं की भाषेचं, हे अहवाल सांगत नाही. ते तुला शोधावं लागतं.

मराठीत चाचणीच नसते, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. बिने-कामत चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठीच बेतली. त्यांचं त्यावरचं पुस्तक 1940 साली निघालं. मॅलिन यांची चाचणी, जिला सगळे ‘मिसिक’ म्हणतात, ती नागपूरची, 1969 ची, आणि तिचं मराठी रूप आहे. वाचनाची अडचण तपासण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ तयार केली, ती हिंदी, इंग्रजी आणि कानडीबरोबर मराठीतही आहे. तेव्हा मानसशास्त्रज्ञांना आदराने पण स्पष्ट विचार, की तोंडी भाग मराठीत घेता येईल का. नाही म्हणाले तर एवढी ओळ अहवालात लिहून माग: ‘चाचणी हिंदीत घेतली, मुलाची घरची भाषा मराठी आहे.’ पुढे तो अहवाल वाचणारा प्रत्येक माणूस मग जपून निष्कर्ष काढेल.

दुसरं, मिसिकमध्ये तोंडी आणि कृतीचा असे दोन भाग असतात. कृतीच्या भागात मूल बरं आणि तोंडी भागात फार खाली असेल, तर बुद्धीबद्दल बोलण्याआधी भाषा आणि कान या दोन गोष्टी तपास. आणि कामतांच्या चाचणीची प्रमाणकं फार जुनी आहेत हे लक्षात ठेव. त्या काळच्या मुलांवरून काढलेला आकडा आजच्या मुलाच्या कपाळावर कायमचा लिहायचा नसतो.

कानांचं म्हणालेच आहे तर सांगून टाकते. कान आणि डोळे तपासल्याशिवाय बुद्धीची चाचणी होऊ देऊ नकोस. शाळा म्हणेल, मूल लक्ष देत नाही. तू मुलाच्या पाठीमागे उभी राहून हळू आवाजात त्याचं नाव घे. मग समोर येऊन, ओठ दिसतील अशी उभी राहून तेच नाव घे. फरक दिसला तर आईला सांग, आधी कानांची तपासणी. वाहणाऱ्या कानांमुळे अर्धवट ऐकणारी मुलं ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसलेली असतात. त्यांचं शिक्षण एका साध्या उपचाराने सुरळीत होऊ शकतं, आणि त्यासाठी कुठलं प्रमाणपत्रही लागत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मराठी मुलाचा गोंधळ वेगळाच असतो. शंभरापर्यंतची नावं त्याला तीन वेळा पाठ करायची असतात. घरी एकोणऐंशी, गल्लीत उन्यासी, वर्गात सेव्हंटी नाइन. मराठीत एकोणनव्वद म्हटलं की नव्वदला एक कमी हे ऐकू तरी येतं. हिंदीत त्यालाच नवासी म्हणतात, तिथे तो आधार जातो. बाई तोंडाने आकडा सांगतात आणि मूल भलताच लिहितं. लगेच कुणीतरी गणिताची अक्षमता म्हणून मोकळं होतं. तू तोंडाने आकडा सांगूच नकोस. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेव, 79 लिहिलेलं कार्ड दाखव आणि तेवढ्या काड्या मांडायला सांग. बरोबर मांडल्या तर मुलाला संख्या कळते, नाव अडतंय. मांडताही आल्या नाहीत तर पुढच्या तपासणीला पाठव. ही पाहणी करायला दहा मिनिटं पुरतात आणि कोणतीही विकत घ्यायची चाचणी लागत नाही.

देवनागरीचंही तसंच. ‘शुद्धलेखन कच्चं’ असा शेरा वहीवर लिहिण्यात काही अर्थ नाही. कुठे अडतं ते लिही. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराआधी. काही मुलांचं तिथेच बिनसतं. भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल, रफार भलत्या अक्षरावर, जोडाक्षर आलं की अर्धं अक्षर गायब. महिनाभराच्या वह्यांतून अशा चुका निवडून एका कागदावर गोळा कर. त्या कागदाचा डॉक्टरांना गुणपत्रिकेपेक्षा जास्त उपयोग होतो. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप तुझ्या शाळेत वापरत असतील, त्यात वर्गशिक्षकांनी भरायची एक यादी असते आणि तुझ्यासारखीने भरायची दुसरी. ते भर, चांगलं आहे. पण ती चाळणी आहे, निदान नाही. त्या यादीच्या भरवशावर कुणाच्याही आईला ‘तुमच्या मुलाला अमुक आहे’ असं म्हणू नकोस.

आता शिकवण्याकडे येऊ. मुलाला काय येतं याची नोंद करताना ‘येतं’ आणि ‘येत नाही’ असे दोनच रकाने ठेवू नकोस. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी जी नोंदसूची केली, ती ‘एफएसीपी’ तू बी.एड.ला शिकली असशील. तिच्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे मदतीची नोंद. मूल स्वतःहून करतं का, एखादी खूण केली की करतं का, तोंडाने सांगितल्यावर करतं का, हात धरून करवून घ्यावं लागतं का. जुलैत हात धरून बटण लावणारं मूल डिसेंबरात नुसतं सांगितल्यावर लावू लागलं, तर त्याने फार मोठा पल्ला गाठलेला असतो. दोन रकान्यांच्या कागदावर तो पल्ला दिसतच नाही. दोन्ही वेळा ‘येत नाही’ असंच उमटतं. आई वर्षभर वाट बघते आणि तिच्या हातात तोच शेरा पडतो. त्याच सूचीत एका पातळीवरची 80 टक्के कामं जमली की पुढच्या पातळीवर न्यायचं असं ठरवून दिलं आहे. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मुलाला वर्षानुवर्षं त्याच मण्यांच्या माळेत अडकवून ठेवायचं नसतं.

आयईपी, म्हणजे एकेका मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना, लिहिताना ‘आकलन वाढवणे’, ‘आत्मविश्वास निर्माण करणे’ असली वाक्यं लिहू नकोस. मार्चमध्ये ती तपासणार कशी? दुसऱ्या कुणीही येऊन पाहिलं तरी तेच उत्तर मिळेल असं लिही. आपल्या इंदूरमधलंच उदाहरण घे. सकाळी दारात कचऱ्याची गाडी येते, तिला सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-कचरा. शहरातल्या प्रत्येक घरात ही वर्गवारी रोज होते. सहावीच्या विज्ञानात बाकीचा वर्ग पदार्थांचं वर्गीकरण शिकत असतो, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या तुझ्या विद्यार्थ्याचं उद्दिष्ट असं लिही: ‘घरातल्या रोजच्या कचऱ्यातल्या दहा वस्तू, कुणी न सांगता, ओला, सुका आणि प्लास्टिक अशा तीन डब्यांत टाकेल, आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी चार दिवस.’ विषय वर्गाचाच राहिला, पायरी त्याची झाली, सराव घरी रोज होतो आणि तपासायला आजी पुरते. मूल घरच्यांच्या उपयोगी पडतं, हे वेगळंच.

इथे जरा मागे जाते. सरवटे बसस्टँड ज्यांच्या नावाने आहे त्या तात्या सरवट्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी 1947 मध्ये इंदूरला बाल निकेतन संघ सुरू केला. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बालशिक्षणाची जी पद्धत त्यांनी इथे रुजवली ती मॉन्टेसोरीबाईंची. मॉन्टेसोरीबाईंनी सुरुवात केली होती ती रोममधल्या, ज्यांना कुणी शिकवायला तयार नव्हतं अशा मुलांपासून. हाताने चाचपून शिकण्याची साधनं त्यांनी आधी त्या मुलांसाठी वापरली, आणि ती मुलं बाकीच्यांच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. तेव्हा त्यांना प्रश्न पडला तो बाकीच्या शाळांबद्दल. म्हणजे आज सधन घरातल्या लेकरांना जी साधनं महाग शाळांत मिळतात, त्यांचा उगम आपल्या मुलांच्या वर्गात आहे. कुणी तुझ्या वर्गाला शाळेचा कोपरा समजून वागवू लागलं तर हे तुझ्या मनात पक्कं असू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलासाठी बदल दोन प्रकारचे असतात आणि ते कधीही एकमेकांत मिसळू नकोस. एका प्रकारात अपेक्षा तीच राहते, फक्त तिथे पोहोचण्याची वाट बदलते. पायऱ्यांशेजारी उतार केला तरी मजला तोच असतो. दुसऱ्या प्रकारात अपेक्षाच बदलते. सातवीतलं मूल दुसरीचं गणित करतं, ही अपेक्षा बदलली. दोन्हींची गरज पडते, दोन्ही प्रामाणिक आहेत. पण पहिल्या प्रकाराने मूल दहावीच्या परीक्षेपर्यंत जाऊ शकतं आणि दुसऱ्या प्रकाराने, जसं चाललंय तसंच चाललं तर, जात नाही. हे आईवडिलांना ठाऊक असायलाच हवं.

वाट कशी बदलायची याची किल्ली एकच. प्रश्नपत्रिका घे आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिही: इथे मला काय मोजायचं आहे? नर्मदेकाठची गावं विचारली असतील तर भूगोल मोजायचा आहे, अक्षर नाही. मुलाने तोंडी सांगितलं तरी पूर्ण गुण. शाब्दिक उदाहरणात रीत मोजायची असेल तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवायला हरकत नाही. पण पाढेच मोजायचे असतील तर तक्ता देऊन उपयोग नाही, तिथे तक्ता दिला तर तू काहीच मोजलं नाहीस. निबंधात विचार मोजायचे असतील तर मुलाने सांगावं, दुसऱ्याने लिहावं. स्वतःच्या हाताने वाक्य लिहिणं मोजायचं असेल तर तीनच वाक्यं माग, पण त्याच्याच हाताची. वर्गशिक्षिका म्हणतील, ‘याला सवलत दिली तर बाकीच्यांवर अन्याय.’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलीची ही टिपणं त्यांच्याच प्रश्नपत्रिकेवर कर. बहुतेक जणींना पटतं, कारण आपण नक्की काय तपासतो हा प्रश्न त्यांनाही कधीतरी पडलेला असतोच.

आणि अपेक्षा बदलली असेल तर ती झाकू नकोस. काही शाळांमध्ये आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकावर गोड शेरे मिळत राहतात आणि नववीत एक दिवस पालकांना बोलावून सांगतात की हे मूल बोर्डाला बसण्यासारखं नाही. त्या आईचा चेहरा बघवत नाही. चूक तिची नसते, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मध्य प्रदेशात पाचवी-आठवीची बोर्ड पॅटर्नची परीक्षा परत आली आहे, त्यामुळे हा प्रसंग आता लवकर येऊ शकतो. म्हणून दर वर्षी जूनमध्ये आईवडील दोघांनाही बसवून साध्या शब्दांत सांग: या विषयांत तुमचं मूल वर्गाच्या अभ्यासक्रमाबरोबर आहे, या विषयांत त्याचा अभ्यास वेगळा आहे. लिहून दे, तारीख घाल, त्यांची सही घे. ऐकताना ते रडतील, चिडतील. ते सहन कर. नववीत ऐकण्यापेक्षा चौथीत ऐकलेलं बरं, कारण चौथीत हातात वर्षं असतात.

मुक्त विद्यालयाचा विषय आठवीच्या आधी काढ, नववीत नापास झाल्यावर नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देता येतात, उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. ज्या मुलाला एकदम पाच विषयांचं ओझं झेपत नाही, त्याच्यासाठी ही रचना फार उपकारक आहे, आणि तिथली दहावी ही दहावीच असते. घरचे म्हणतात, ‘ओपन म्हणजे लोक काय म्हणतील?’ त्यांना त्या शाळेतून पुढे शिकलेल्या कुणाशी तरी गाठ घालून दे. तुझ्या बोलण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. सीबीएसईच्या शाळेत असेल तर विशेष गरजांच्या विद्यार्थ्याला दोनऐवजी एक भाषा घेऊन बाकीचे विषय निवडण्याची मोकळीक आहे. गणित सोडून चित्रकला किंवा संगीत घेता येतं. घ्यावं, पण गणित सोडल्याने पुढे कोणती दारं बंद होतात तेही त्याच बैठकीत सांग. निर्णय त्यांचा, माहिती पुरवणं तुझं काम.

कायद्याची कलमं तोंडपाठ असू देत, पण आधी तोंडावर फेकू नकोस. मुख्याध्यापक ‘याला स्पेशल शाळेत घाला’ म्हणाले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 ची आठवण करून दे: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड घरच्यांची आहे. त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. जी गोष्ट कायद्याने देऊ केली आहे ती मागताना उपकार मागितल्यासारखा सूर लावायचा नाही.

महाराष्ट्राने वाचनलेखनाची अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला 1996 मध्येच सुरुवात केली, बाकीच्या देशाच्या खूप आधी. आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे नातेवाईक असतात, ते फोनवरून तिकडचे नियम सांगतात आणि इथले पालक तेच इथे लागू आहेत असं समजून चालतात. राज्याचे आणि बोर्डाचे नियम वेगळे असतात. दर वर्षी आपल्या बोर्डाच्या परिपत्रकाची नवी प्रत काढ आणि फाइलला लाव. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत; तीन तासांच्या पेपरला एक तास.

प्रमाणपत्राच्या वेळापत्रकात एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, आणि 2018 च्या सूचनांप्रमाणे 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. मूल 14 वर्षांचं होतं साधारण आठवी-नववीत, म्हणजे नेमकं बोर्डाची नोंदणी सुरू होते तेव्हा. जुनं प्रमाणपत्र घेऊन शाळा नोंदणीला बसते, फॉर्म परत येतो, आणि आई धार रोडच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर एमवाय रुग्णालयात रांगेत उभी राहते. तू प्रत्येक मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर त्याचा चौदावा वाढदिवस लाल शाईने लिहून ठेव आणि तीन-चार महिने आधी घरी आठवण कर. यूडीआयडी कार्डाचंही, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचंही, त्याच वेळी बघ. मुलीच्या घरी एवढं जास्तीचं सांग: समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता आहे, त्यासाठी बँकेचं खातं तयार हवं. रक्कम छोटी आहे, पण ती तिच्या नावावर येते, आणि तिच्या शिक्षणावर सरकारही पैसे घालतं हे घरातल्या मोठ्यांना दिसतं.

प्रमाणपत्रावर 40 टक्के भरले नाहीत म्हणून लेखनिक मिळणार नाही असं म्हणतील, तेव्हा विकास कुमार खटला आठव. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिहिताना खरोखर अडचण असलेल्याला केवळ तो आकडा गाठला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने अशा परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. सरकारी रुग्णालयाचं पत्र लागतं, ते वेळेत काढायला लाव.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. स्वल्पविराम सांगायचा, नवा परिच्छेद सांगायचा, ‘मागचं वाक्य खोडा’ म्हणायचं, आकृतीत कुठे काय लिहायचं ते सांगायचं, लिहिलेलं पुन्हा वाचून घ्यायचं. सहावीच्या घटक चाचणीपासून हा सराव सुरू कर. जादा वेळही तेव्हापासूनच दे. ज्या मुलाने आयुष्यात कधी तीन तासांपेक्षा जास्त बसून पेपर दिला नाही, ते दहावीला चौथ्या तासात थकून डोकं टेकतं. काही मुलांना जादा वेळेपेक्षा मधे दहा मिनिटांची विश्रांती जास्त उपयोगी पडते. कुणाला काय लागतं ते चाचण्यांमधूनच कळेल, म्हणून प्रत्येक चाचणीनंतर दोन ओळी लिहून ठेव.

दृष्टिहीन मुलाला गणितातून सूट देण्याची घाई करणारे पुष्कळ भेटतील. त्यांना विरोध कर. सूट मागणं सोपं असतं, टेलर फ्रेम आणि ॲबॅकसवर शिकवणं कष्टाचं असतं, आणि मुलाची कुवत किती आहे हे त्या कष्टानंतरच कळतं. इंदूरमध्ये मध्य प्रदेश दृष्टिहीन कल्याण संघासारखी जुनी संस्था आहे. ब्रेलचं काही अडलं तर तिथल्या अनुभवी लोकांकडे जा, एकटीने चाचपडू नकोस.

बहिऱ्या मुलाची उत्तरपत्रिका तपासताना वाक्यरचनेवर गुण कापू नकोस. ज्याने हिंदी कधी ऐकलीच नाही, त्याच्यासाठी लेखी हिंदी ही डोळ्यांनी शिकलेली परकी भाषा असते. ‘राम आम खाना’ असं लिहिलं तरी त्याला गोष्ट कळली आहे. विज्ञानाच्या पेपरात विज्ञान तपास. तू स्वतः खुणांची भाषा शीक, सुटीत शीक. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था 2015 पासून दिल्लीत आहे, तिचे शब्दकोशाचे व्हिडिओ मोफत बघता येतात, आणि एनआयओएसमध्ये ती भाषा विषय म्हणून घेता येते. 2015 च्याच ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानातून परत आलेली गीता आपल्या इंदूरच्याच संस्थेत राहिली. तिला बोलता-ऐकता येत नव्हतं, लिहून पत्ता सांगता येत नव्हता; पण तिच्या मनात गाव होतं. खुणांची भाषा जाणणाऱ्या माणसांनी चिकाटीने तिच्याकडून एकेक आठवण काढून घेतली, आणि तिच्या घराचा शोध परभणीपर्यंत पोहोचला. कागदावर काही उमटत नाही म्हणजे आत काही नाही, असं कुणाही मुलाबद्दल धरून चालू नकोस.

घरच्या भाषेबद्दल आणखी एक बोलायचं राहिलं. मूल उशिरा बोलू लागलं की पुष्कळजण पालकांना सांगतात, ‘घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, हिंदी किंवा इंग्रजी.’ तू हे कधीही सांगू नकोस. घरात आजी मराठीच बोलते, आई लाडाने मराठीतच बोलते, रागावतेही मराठीत. ती भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात, आणि आई अडखळत, तुटक हिंदीत जे बोलते त्यातून मुलाला भाषा मिळत नाही. शाळेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या परीक्षेतून खुशाल सूट माग. घरच्या भाषेतून सूट मागायची नसते. उलट आजीला कामाला लाव. गोष्ट सांगायची आणि मधेच थांबून ‘मग काय झालं?’ विचारायचं, भाजी निवडताना नावं घ्यायला लावायची, पैसे मोजायला द्यायचे. शाळेत हिंदीत शिकवायच्या धड्यातले पाच-सात शब्द आदल्या आठवड्यात घरी पाठव. घरचे ते मराठीत समजावतील. वर्गात तो धडा येईल तेव्हा मुलाच्या डोक्यात चित्र तयार असेल.

वर्गशिक्षिकेला मोठी फाइल देऊ नकोस. चाळीस मुलांच्या वर्गात ती वाचायला त्यांना वेळ नाही. अर्ध्या पानावर चार ओळी दे: हे मूल कुठे बसवायचं, सूचना कशी द्यायची, लिखाण किती मागायचं, चिडलं तर काय करायचं. विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक असावं, असं 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. तुझ्या वाट्याला त्याहून जास्त येतील, सरकारी शाळांमधल्या एमआरसींना, म्हणजे फिरत्या विशेष शिक्षकांना, तर गटातल्या किती शाळा हिंडाव्या लागतात. म्हणून तू नसतानाही चालेल अशी व्यवस्था प्रत्येक वर्गात लावून ठेवणं हेच तुझं खरं काम. ‘स्पेशल मॅडम आल्या की बघतील’ ही सवय लागू देऊ नकोस. मुलाला दिवसभर शिकवणाऱ्या त्या आहेत.

वर्ष संपताना फाइलची एक पूर्ण प्रत घरच्यांना दे. मूळ शाळेत, प्रत घरी. इंदूरची मराठी कुटुंबं बदलीने, नोकरीने पुण्याला, नागपूरला, देवासला जातात, आणि मुलाची सगळी हकीगत मागच्या शाळेच्या कपाटात राहते. नव्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुण्याला जाणार असतील तर जास्त काळजी घे. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. घरी मराठी बोलणारं आपलं मूल तिथे मराठी लिहिताना अडखळेल आणि नवे शिक्षक ते पहिल्यांदाच बघतील. फाइलमध्ये स्पष्ट लिही की याला मराठी बोलता येतं, कळतं, आतापर्यंत लिहायला शिकवलेलं नाही. भाषेतून सूट दिली असेल तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला. चुकांचा तो गोळा केलेला कागद जोड, मदतीच्या नोंदी जोड, लेखनिकाबरोबर दिलेल्या चाचण्यांच्या दोन उत्तरपत्रिका जोड. आणि शेवटच्या पानावर तुझा फोन नंबर लिही, म्हणजे नव्या शाळेतली तुझ्यासारखीच कुणी फोन करून विचारू शकेल.